ध्रुवीय सहनिर्देशकांतील समतुल्य बिंदू

ध्रुवीय सहनिर्देशक पद्धतीत प्रतलातील एकच बिंदू दर्शविणाऱ्या भिन्न सहनिर्देशक-जोड्यांना समतुल्य जोड्या म्हणतात. कार्तीय पद्धतीत प्रत्येक बिंदूची एकच जोडी असते. ध्रुवीय पद्धतीत मात्र अशा अनंत जोड्या असतात. बिंदूचे स्थान (त्र, क) असे लिहितात. त्र हे ध्रुवापासूनचे अंतर आणि क हा ध्रुवीय अक्षापासून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजलेला कोन होय. त्र ऋण असल्यास तेवढे अंतर कोनाच्या भुजेच्या विरुद्ध किरणावर मोजतात.

नियम

न हा कोणताही पूर्णांक मानल्यास (त्र, क) शी समतुल्य जोड्या पुढीलप्रमाणे मिळतात :

१. चिन्ह न बदलता : (त्र, क + ३६०° × न)
२. चिन्ह बदलून : (−त्र, क + १८०° + ३६०° × न)
३. ध्रुवासाठी त्र = ० असते व कोन कोणताही चालतो.

ध्रुव वगळता इतर बिंदूंसाठी पहिल्या दोन नियमांत सर्व समतुल्य जोड्या येतात.

उदाहरण

(४, ३०°), (४, ३९०°), (४, −३३०°), (−४, २१०°) आणि (−४, −१५०°) या पाचही जोड्या एकच बिंदू दर्शवितात. क्ष = त्र × कोसाइन क आणि य = त्र × साइन क या सूत्रांनी प्रत्येक जोडीपासून (२√३, २) हाच कार्तीय बिंदू मिळतो. केवळ चिन्ह बदलून (−४, ३०°) लिहिल्यास मात्र (−२√३, −२) हा ध्रुवाच्या पलीकडचा बिंदू मिळतो.

एकमेव रूप

त्र > ० आणि ०° ≤ क < ३६०° अशी मर्यादा घातल्यास ध्रुवाखेरीज प्रत्येक बिंदूला एकच जोडी उरते.

वक्रांच्या अभ्यासातील महत्त्व

त्र = १ + कोसाइन क आणि त्र = कोसाइन क − १ ही समीकरणे एकत्र सोडविल्यास १ = −१ अशी विसंगती येते. त्यावरून हे वक्र परस्परांना छेदत नाहीत असे वाटते. परंतु पहिल्या समीकरणात त्र ऐवजी −त्र आणि क ऐवजी क + १८०° घातल्यास −त्र = १ − कोसाइन क, म्हणजेच दुसरे समीकरण मिळते. दोन्ही समीकरणे एकाच हृदयाकृती वक्राची, म्हणजे कार्डिऑइडची आहेत. म्हणून छेदनबिंदू शोधताना समतुल्य जोड्या आणि ध्रुव यांची स्वतंत्र तपासणी आवश्यक असते.