गाडी चोरीला जाऊ नये म्हणून काय कराल? आणि गेलीच तर?

कार असो की पिकअप, ‘दोन मिनिटांत आलोच’ म्हणत चावी तशीच ठेवून टपरीवर उतरायची सवय सगळ्यात महाग पडते. चावी लावलेली गाडी न्यायला चोराला काहीच करावं लागत नाही. वर विमा कंपनी निष्काळजीपणावर बोट ठेवून भरपाई कापते किंवा नाकारते.

काच फुटते ती बहुतेक वेळा आत दिसणाऱ्या बॅगेसाठी. माल विकून किंवा बँकेतून पैसे काढून निघालात आणि कुणी ‘तुमचं ऑइल गळतंय’, ‘नोटा पडल्या बघा’ म्हणालं, तर खाली उतरू नका. युक्ती जुनीच आहे, पण माणसं अजून फसतात. बॅग डिकीत ठेवायची तर आधीच ठेवा. बँकेच्या दारात डिकी उघडली की बघणारा बघतोच.

रात्री गाडी उजेडात, घरातून दिसेल अशी लावा. जुन्या गाड्यांना चिपवाली चावी नसते, त्यांना गिअर लॉक किंवा स्टिअरिंगचा लोखंडी दांडा लावाच. जीपीएस ट्रॅकर बसवला तर त्याचं सिम चालू आहे ना, हे अधूनमधून बघा.

जुनी गाडी घेताना दोन्ही चाव्या मागून घ्या. चोरीच्या दाव्यात विमा कंपनी दोन्ही मागते. नुसत्या स्टॅम्प पेपरवर व्यवहार करून थांबू नका. आरसी बुक नावावर करा आणि विम्याच्या बदलासाठी १४ दिवसांत अर्ज द्या, नाहीतर दावा अडकतो. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक रुपयाही मिळत नाही.

गाडी गेलीच तर शोधत फिरण्याआधी ११२ वर फोन करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार हद्दीचं कारण न देता कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. एफआयआर लगेच केली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय. पण त्यासाठी कोर्टकचेरी कशाला ओढवून घ्यायची?

फास्टॅग बँकेकडून बंद करून घ्या. तपास लागला नाही तर पोलिसांचा अंतिम अहवाल लागतो, दाव्याचे पैसे साधारण त्यानंतरच सुटतात. गाडीवर कर्ज असेल तर आधी फायनान्सवाल्याची बाकी वळती होते. तोवर हप्ते चुकवू नका.