अल्ट्रा एचडी चित्रफिती उतरवणे

अल्ट्रा एचडी चित्रफीत उतरवणे म्हणजे इंटरनेटवर उपलब्ध असलेली ३८४० × २१६० किंवा त्याहून अधिक चित्रबिंदूंची चित्रफीत डेस्कटॉप संगणकात कायम साठवून घेणे होय. अशा चित्रफितींना व्यवहारात ‘फोर-के’ म्हटले जाते. काटेकोरपणे पाहता चित्रपटगृहांसाठीचे फोर-के ४०९६ चित्रबिंदू रुंद असते, परंतु बाजाराने हा भेद मागे टाकला आहे. यूट्यूबने २०१० साली या आकाराच्या चित्रफिती स्वीकारण्यास प्रारंभ केला.

आकारमान

पूर्ण एचडी चित्राच्या एका चौकटीत सुमारे २०.७ लाख चित्रबिंदू असतात, तर अल्ट्रा एचडी चौकटीत सुमारे ८३ लाख, म्हणजे बरोबर चौपट. प्रत्येक चित्रबिंदूस २४ बिट आणि सेकंदाला ३० चौकटी धरल्यास मूळ चित्राला सेकंदाला सुमारे ६ गिगाबिट लागतात. अशी एका मिनिटाची फीत ४५ गिगाबाइटच्या घरात जाईल. त्यामुळे एचईव्हीसी, व्हीपी९ किंवा एव्ही१ यांसारख्या पद्धतींनी संक्षेपण केल्यावाचून ती इंटरनेटवरून पाठवणे व्यवहार्य ठरत नाही. सेकंदाला १५ मेगाबिट या दराने संक्षेपित केलेली एक तासाची चित्रफीत पावणेसात गिगाबाइट जागा व्यापते. सेकंदाला ५० मेगाबिट वेगाच्या जोडणीवर ती उतरण्यास किमान १८ मिनिटे लागतात. जोडणीचा वेग बिटमध्ये आणि फाइलचा आकार बाइटमध्ये सांगण्याची प्रथा आहे. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. हा फरक ध्यानी न घेतल्यास सेवादात्याने वेग कमी दिल्याचा गैरसमज होतो.

प्रक्रिया

पाहणाऱ्याला चित्रफीत एकसंध दिसत असली, तरी मोठ्या संकेतस्थळांवर ती एका फाइलच्या रूपात पाठवली जात नाही. डॅश या तंत्रात एकाच चित्रफितीच्या अनेक दर्जांच्या प्रती तयार ठेवतात आणि प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे तुकडे करतात. कोणते तुकडे कोठे आहेत, याची सूची आधी पाठवली जाते. जोडणीचा वेग पाहून कोणत्या प्रतीतला पुढचा तुकडा मागवायचा, हे ब्राउझर ठरवतो. चित्र व ध्वनी यांचे प्रवाहही निरनिराळे असतात. म्हणूनच काही साधनांनी उतरवलेली फोर-के चित्रफीत मुकी निघते. तिच्यात दोष नसतो, केवळ ध्वनीचा प्रवाह मागवलेला नसतो. उतरवणारी प्रणाली सूची वाचून अपेक्षित दर्जाचे दोन्ही प्रवाह आणते आणि त्यांना एका फाइलमध्ये गुंफते. हे काम बहुधा एफएफएमपेग या मुक्त प्रणालीकडे सोपवलेले असते. या जोडणीत पुन्हा संक्षेपण करावे लागत नसल्याने चित्राचा दर्जा उणावत नाही.

यूट्यूबवर जुन्या एच.२६४ पद्धतीतील प्रत सामान्यतः १०८० ओळींपर्यंतच मिळते. त्यापुढील प्रती व्हीपी९ किंवा एव्ही१ मध्ये असतात. या पद्धती उलगडण्याची यंत्रस्तरीय सोय जुन्या संगणकांत नसते, त्यामुळे व्यवस्थित उतरलेली फीतही अडखळत चालते. बाह्य साठवणीवर फॅट३२ रचना असल्यास ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल तीत मावत नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस रचनेत ही अडचण येत नाही.

कायदा आणि वाद

प्रत आपल्या संगणकात असणे आणि ती केवळ पाहण्याची मुभा असणे या भिन्न गोष्टी आहेत. या विषयातील बहुतेक वाद याच भेदातून उद्भवले आहेत. यूट्यूबच्या सशुल्क सेवेत उतरवलेली चित्रफीत त्याच सेवेच्या आत चालते. इतर चित्रदर्शकांत उघडता येईल अशी फाइल ग्राहकास मिळत नाही. नेटफ्लिक्सने २०२४ साली विंडोजवरील आपल्या ॲपमधून चित्रफिती उतरवण्याची सोयच काढून घेतली.

यूट्यूब-डीएल ही मुक्त प्रणाली २००६ साली रिकार्डो गार्सिया यांनी सुरू केली. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आरआयएए या संघटनेने १९९८च्या डिजिटल प्रताधिकार कायद्याखाली नोटीस दिल्यावर गिटहबने ती हटवली. प्रणाली यूट्यूबची तांत्रिक संरक्षक योजना मोडते आणि तिच्या चाचण्यांत प्रताधिकारित गीतांचे दुवे आहेत, असा संघटनेचा आक्षेप होता. त्यावर इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने विकसकांच्या वतीने उत्तर दिले. ब्राउझर चित्रफीत दाखवताना जे करतो, तेच ही प्रणाली करते, असा त्याचा आशय होता. ही साधने पत्रकार पुरावे जतन करण्यासाठी वापरतात, याकडेही त्या काळात लक्ष वेधले गेले. नोव्हेंबरमध्ये गिटहबने प्रणाली पूर्ववत उपलब्ध केली आणि विकसकांच्या कायदेशीर बचावासाठी १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. चाचण्यांतील गीतांचे दुवे मात्र काढण्यात आले. यूरोपात निकाल उलट लागला. हॅम्बुर्गच्या न्यायालयाने २०२३ साली यूट्यूब-डीएलचे संकेतस्थळ ठेवणाऱ्या सेवादात्यास जबाबदार धरले. वायटी-डीएलपी ही यूट्यूब-डीएलपासून निघालेली शाखा आहे.

भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ साली कलम ६५अ घालण्यात आले. प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद त्यात आहे. दुसरीकडे कलम ५२ खाजगी उपयोग व संशोधन यांसाठी रास्त वापराची मुभा देते. ‘भंगाच्या हेतूने’ हे शब्द अमेरिकी कायद्याच्या तुलनेत भारतीय तरतुदीची व्याप्ती मर्यादित करतात. मात्र संकेतस्थळाच्या सेवाशर्ती हा स्वतंत्र करार असतो आणि त्यांत चित्रफिती उतरवण्यास मनाई असू शकते.

मुक्त चित्रफिती

ज्यांच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही, अशाही अल्ट्रा एचडी चित्रफिती उपलब्ध आहेत. ब्लेंडर फाउंडेशनचा ‘टिअर्स ऑफ स्टील’ (२०१२) हा लघुपट क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फोर-के स्वरूपातही मिळतो. विकिमीडिया कॉमन्सवरील चित्रफिती वेबएमसारख्या मुक्त स्वरूपांत थेट उतरवता येतात. त्यांच्या पुनर्वापरात परवान्यानुसार कर्त्याचा नामनिर्देश करावा लागतो.