शाळामास्तर आणि विषमतेची दोन रूपे

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत शाळेचा इतिहास पाण्याच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. १८८५च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी खेळू लागले आणि एकाच तालुक्यात दोन मुलूख निर्माण झाले : कालव्याखालचा उसाचा बागाईत पट्टा आणि मेंढरांमागे फिरणाऱ्यांचा जिराईत पट्टा. अशा भागातल्या सरकारी शाळेत नव्याने रुजू होणाऱ्या मास्तरापुढे विषमता दोन रूपांनी उभी राहते : पोटासाठीची भटकंती आणि जात. मराठी साहित्याने या दोहोंची नोंद घेतली. मात्र निरनिराळ्या पुस्तकांत आणि निरनिराळ्या प्रदेशांतून.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) पहिल्या रूपाची कादंबरी होय. औंध संस्थानातल्या धनगरवाडीत राजाराम सौंदणीकर हा तरुण मास्तर येतो. मुले शाळेत नसतात, कारण ती मेंढरांमागे असतात. मास्तर बाहेरचा, त्याच्या मागे संस्थानची सत्ता असते आणि कारभाऱ्याच्या पाठबळाने तो वाडीत रुजतो. त्याची स्वतःची जात कथनाच्या केंद्रस्थानी येत नाही. अखेर दुष्काळ वाडी ओस पाडतो. शाळेचा पराभव निसर्गाच्या खाती जमा होतो.

माधव कोंडविलकरांच्या ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’ (१९७९) या दैनंदिनीत ही सोय उरत नाही. राजापूर तालुक्यातल्या आपल्याच गावी शिकवणारा हा मास्तर चर्मकार आहे. सरकारने दिलेले पद आणि गावाने दिलेली पायरी एकाच देहात नांदतात, आणि पद पायरीला पुसून टाकत नाही. धारवाडच्या महार मुलाला १८५६ साली सरकारी शाळेने नाकारले. त्यानंतर १८५८ साली केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे ठरले. निर्णयाने दार उघडले. आत कोण कोठे बसणार, हे मात्र गावच ठरवीत राहिले. शंभराहून अधिक वर्षांनी तीच व्यवस्था विद्यार्थ्याऐवजी शिक्षकाला गाठते. दैनंदिनीचा घाट येथे अर्थपूर्ण ठरतो : कादंबरीला शेवट असतो, अपमानाला केवळ उद्याची तारीख.

समीक्षेने एका पुस्तकाला ‘प्रादेशिक’ म्हटले, दुसऱ्याला ‘दलित आत्मकथन’. या वर्गीकरणामुळे दोघांतली समान संस्था, म्हणजे सरकारी शाळा, नजरेआड झाली. पहिल्या पुस्तकात दारिद्र्य दिसते ते सहृदय पाहुण्याला. दुसऱ्यात जात दिसते ती गावातून सुटका नसलेल्याला. नीरेच्या दोन्ही पट्ट्यांत मेंढपाळाचे मूल, ऊसतोड कामगाराचे मूल आणि दलित वस्तीतले मूल एकाच हजेरीपटावर येऊ शकते. तो पट वाचायचा तर ही दोन पुस्तकेही एकत्रच वाचावी लागतात.