मिळून येत नाही

सरकारी कचेरीत फाईल कधी हरवत नाही. ती 'मिळून येत नाही'. हरवली म्हटलं की कुणीतरी हरवली, असा अर्थ निघतो आणि मग चौकशी लागते. मिळून येत नाही म्हटलं की दोष सगळा फाईलचा. तिला यायचं नव्हतं, ती आली नाही. कारकुनानं काय करावं? कॉम्प्युटर नावाचं यंत्र अमेरिकेत वाढलं, इंग्रजी शिकलं, पण नोकरी लागल्याबरोबर तेही हीच भाषा बोलू लागलं. फायलींची खिडकी उघडावी तर ती पांढरीफटक पडते आणि वर कंसात लिहून येतं, 'नॉट रिस्पॉन्डिंग'. म्हणजे साहेब जागेवर आहेत, पण उत्तर देत नाहीत. अशा साहेबांच्या हाताखाली ज्यानं तीस वर्षं काढली, त्याला यात नवीन काही वाटत नाही.

पण सगळ्यांनाच असा अनुभव नसतो. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक राहतात. एका सकाळी ते जिन्यातूनच ओरडले, "अहो, जरा वर येता का? सगळं गेलं!" मला वाटलं चोरी झाली. जाऊन पाहतो तर फायली दाखवणारी ती खिडकी उघडत नव्हती, एवढंच. पेन्शनचे कागद, नातवाच्या मुंजीचे फोटो, पंधरा वर्षं चाललेल्या ग्रंथाची हस्तलिखितं, सगळं 'गेलं' होतं. मी म्हटलं, "सर, काही गेलेलं नाही. कागद कपाटातच आहेत. कपाटाजवळ बसणारा माणूस तेवढा चक्कर येऊन पडलाय." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की चक्कर मलाच आली असावी.

कागद वेगळे आणि कागद काढून देणारा वेगळा, हा भेद माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही. म्हणून थोडा इतिहास सांगावा लागतो.

'फाईल' हा शब्द मुळात लॅटिन 'फिलुम'वरून आला. फिलुम म्हणजे दोरा. जुन्या युरोपात कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवत. आपला कोपऱ्यावरचा वाणी उधारीच्या चिठ्ठ्या तारेला टोचून ठेवायचा, तेव्हा तो अस्सल लॅटिन अर्थानं फायलिंगच करीत होता. पण तारेची अडचण अशी, की तळाची चिठ्ठी हवी असेल तर वरच्या सगळ्या उतरवाव्या लागतात. मग भिंतीवर खुराडी आली, खण आले. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लायब्ररी ब्यूरो नावाच्या कंपनीनं कागद आडवे न रचता खणात उभे लावायची पद्धत मांडली. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. आपण ते भाषण लक्षात ठेवलं. अमेरिकनांनी कपाट लक्षात ठेवलं.

आपल्याकडे कपाट नव्हतं असं नव्हे. पेशव्यांचं हुजूर दफ्तर होतं. त्यात रोजच्या कामाचं 'चालतं दफ्तर' वेगळं आणि जमाखर्चाचे गोषवारे ठेवणारं 'एकबेरीज दफ्तर' वेगळं. कागदांचे गठ्ठे कापडात बांधत आणि त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणत. कॉम्प्युटरवाल्यांनी पुढे ज्याला 'फोल्डर' म्हटलं, तो हाच. फरक इतकाच, की रुमालाला गाठ असे आणि ती सोडायला माणूस लागे. नाना फडणविसांच्या काळात हे सगळं शिस्तीत चाललं होतं. १८०० साली नाना गेले. दुसऱ्या बाजीरावांनी महाल मक्त्यानं द्यायला सुरुवात केली. मक्तेदार रोख रक्कम आणून देणार म्हटल्यावर हिशेब तपासायचा कशाला? दफ्तरातले कारकून कमी झाले, कुणी कुणी कागद घरी घेऊन गेले. राज्य १८१८ साली बुडालं, पण दफ्तर त्याआधीच 'नॉट रिस्पॉन्डिंग' झालं होतं. कुठल्या गावचं उत्पन्न किती आणि ते कुणाकडे गेलं, हे ज्या राज्याला चटकन सांगता येत नाही, त्याचं काय होतं, ते आपण शाळेत शिकलोच.

तरीही उरलेले रुमाल पुण्यात शिल्लक राहिले. पुढे शंभरेक वर्षांनी, साठी उलटलेले गोविंद सखाराम सरदेसाई त्या ढिगासमोर बसले. मोडी कागद एकेक करून वाचून घेतले आणि १९३० पासून चारेक वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड छापून काढले. कागद तिथंच होते. उत्तर देणारा माणूस तेवढा मिळायचा होता.

आता यंत्राकडे येऊ. १९५६ साली आयबीएमनं रामॅक नावाचं यंत्र बाजारात आणलं. दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनाच्या वर, आणि त्यात मावणार पन्नास लाख अक्षरं. आजच्या मोबाईलवर मोरीतल्या झुरळाचा फोटो काढला, तरी तो त्यात जेमतेम मावेल. १९६५ साली मल्टिक्स या यंत्रणेसाठी डेली आणि न्यूमन या दोघांनी कपाटात खण, खणात आणखी खण, त्यात आणखी खण अशी योजना मांडली. वाटेल तितकं खोल जावं. आमच्या प्राध्यापकांना 'न्यू फोल्डर'च्या आत 'न्यू फोल्डर', त्याच्या आत 'महत्त्वाचे' आणि त्याच्या आत काहीच नाही, हे वैभव मिळालं ते या दोघांमुळे.

घरगुती कॉम्प्युटरला मात्र हे सुख उशिरा लाभलं. १९८१ साली आलेल्या डॉसच्या पहिल्या आवृत्तीत सगळ्या फायली एकाच धर्मशाळेत झोपत. खोल्या पाडल्या त्या १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत. शिवाय फाईलचं नाव आठ अक्षरांतच बसवायचं. लक्ष्मीकांत हे नाव 'एक्स' घालून काटकसरीनं लिहिलं, तरी रोमन लिपीत नऊ अक्षरं होतात. म्हणजे शेवटचा 'टी' उंबऱ्याबाहेर. काळ्या पडद्यावर हुकूम टंकायचा आणि एक स्पेस चुकली तर यंत्र म्हणणार, 'बॅड कमांड'. १९८६ साली जॉन सोचा यांनी लिहिलेला नॉर्टन कमांडर आला आणि पडद्यावर दोन निळे रकाने दिसू लागले. डावीकडून उचलावं, उजवीकडे ठेवावं. प्रोग्राम लिहिला सोचांनी आणि नाव लागलं पीटर नॉर्टन यांच्या कंपनीचं. कचेरीत टिपणी कोण लिहितो आणि सही कुणाची होते, हे ठाऊक असणाऱ्याला याचं आश्चर्य वाटू नये.

खरी गंमत झाली होती झेरॉक्स कंपनीत. १९८१ सालच्या त्यांच्या 'स्टार' यंत्रात चक्क कारकुनाचं टेबल पडद्यावर मांडलं होतं. कागद, फोल्डर, फायलींचा खण, आलेल्या टपालाचा ट्रे, जाणाऱ्या टपालाचा ट्रे. चहाचा कप तेवढा राहिला. किंमत १६,५९५ डॉलर. इतक्या पैशात त्या काळी आपल्याकडे खरी टेबलं, त्यावर खरे कारकून आणि त्यांना वर्षभराचा खरा चहा मिळाला असता. पुढे ॲपलनं १९८३ साली लिसा आणली आणि १९८४ साली मॅकिंटॉश. त्यातल्या फायली सांभाळणाऱ्याचं नाव ठेवलं 'फाइंडर', म्हणजे शोधून देणारा. ब्रूस हॉर्न आणि स्टीव्ह कॅप्स यांनी तो लिहिला. पण त्या पहिल्या मॅकिंटॉशमधले फोल्डर निव्वळ दाखवायचे होते. आत डिस्कवर सगळ्या फायली एकाच पंगतीला बसलेल्या असत. खरे खण आले ते १९८५ साली.

मग विंडोज. १९९० साली आलेल्या विंडोज ३.० मध्ये 'फाईल मॅनेजर' नावाचा स्वतंत्र गृहस्थ होता. तो पडला तर एकटा पडे. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं आणि त्याच्या जागी 'एक्सप्लोरर' बसला. याच्याकडे रेकॉर्डरूम तर दिलीच, शिवाय खालची पट्टी, स्टार्टचं बटण आणि पडद्यावरचं सगळं टेबलही त्याच्याच ताब्यात दिलं. शाळेत शिपायाकडेच घंटा, किल्ल्या आणि पाण्याचा माठ असावा, तसं. शिपाई आजारी पडला की शाळा सुटतच नाही. म्हणून एक्सप्लोरर कोसळला की नुसती खिडकी जात नाही. पट्टी जाते, चित्रं जातात आणि माणसाला वाटतं, घरच गेलं.

बरं, तो पडतो का? बहुतेक वेळा पाहुण्यांमुळे. आपण फाईलवर उजवी कळ दाबली की जी लांबलचक यादी उघडते, तीत निरनिराळ्या प्रोग्रामांनी आपापली माणसं बसवलेली असतात. ही माणसं ओसरीवर थांबत नाहीत. थेट माजघरात, एक्सप्लोररच्या पोटात शिरून काम करतात. त्यातल्या एकानं लोळण घेतली की यजमानासकट सगळे आडवे. दुसरं कारण म्हणजे, अर्धवट उतरलेल्या एखाद्या व्हिडिओचं छोटं चित्र काढायला तो बसतो आणि त्या चित्रात अडकतो. तिसरं, आपण कधीकाळी जोडलेली नेटवर्कवरची जागा. ती आता बंद आहे, पण हा प्रामाणिकपणे तिच्या दाराशी उभा राहून कडी वाजवत बसतो.

उपाय साधा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर येतो. त्याच्या यादीतून विंडोज एक्सप्लोरर निवडून 'रीस्टार्ट' म्हणावं. पडदा क्षणभर ओका होतो, काळजाचा ठोका चुकतो आणि सगळं परत येतं. पुनःपुन्हा होत असेल तर नुकताच कोणता प्रोग्राम घरात आला ते आठवून त्याला निरोप द्यावा, छोटी चित्रं दाखवणं बंद करावं, अलीकडे उघडलेल्या फायलींची यादी पुसावी. प्राध्यापकांकडे कुणा पुतण्यानं बसवलेला फोटो नटवण्याचा फुकट प्रोग्राम निघाला. तो काढला. मुंज जशीच्या तशी होती.

तीन बटणांची ही कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी पहिल्या पीसीच्या वेळी कंट्रोल-आल्ट-डिलीट बसवलं, ते चुकून एका हातानं दाबलं जाऊ नये म्हणून असं लांब लांब. २००१ साली पीसीच्या विसाव्या वाढदिवशी, बिल गेट्स शेजारी बसलेले असताना ब्रॅडली म्हणाले, की शोध माझा असेल, पण त्याला प्रसिद्धी दिली ती बिलनं. हंशा खूप झाला म्हणतात. गेट्स किती हसले, हा वेगळा प्रश्न.

माझ्या नोकरीत मी एक फाईल मॅनेजर पाहिला. आमच्या कचेरीतले रेकॉर्डकीपर. त्यांना सगळे नुसतं 'रेकॉर्ड' म्हणत. "रेकॉर्ड आज रजेवर आहेत" म्हटलं की त्या दिवशी कुठलीच फाईल मिळून येत नसे. ते निवृत्त झाले आणि काटकसर म्हणून पद रिकामं ठेवलं गेलं. त्यानंतर एक शिपाई नोकरीतच वारला. त्याची बायको कुटुंब-पेन्शनसाठी दर सोमवारी येऊन बाकावर बसायची. सेवापुस्तक मिळून येत नव्हतं. असे अकरा महिने गेले. शेवटी कुणीतरी सायकल काढून रेकॉर्डच्या घरी गेलं. ते तसेच चपला घालून आले, म्हणाले, "हा आधी रोजंदारीवर कुठं होता?" आणि भलत्याच तालुक्याच्या रुमालातून दहा मिनिटांत पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. म्हणाले, "बाई, कागद इथंच होता हो."

ती म्हणाली, "मग अकरा महिने मला घरी का पाठवत होता तुम्ही?"

आम्ही सगळे कागदांत डोकं घालून बसलो.

२०१८ साली मायक्रोसॉफ्टनं आपल्या त्या जुन्या फाईल मॅनेजरचा मूळ मजकूर सगळ्यांसाठी खुला केला. हौस असेल तो आजच्या कॉम्प्युटरवरही त्याला कामाला लावू शकतो. निवृत्त माणसाला पुन्हा बोलावण्याची ही सोय यंत्राला आहे. आपल्या घरातले कागद कुठं आहेत आणि कोणत्या नावाखाली आहेत, हे मात्र घरातल्या एकाच माणसाला ठाऊक असतं आणि त्याला रीस्टार्टचं बटण नसतं. तेव्हा एक छोटं काम करा. 'न्यू फोल्डर ७' चं नाव बदलून त्यात काय आहे ते लिहा, आणि ते दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा. बायकोला सांगितलंत तर उत्तम. तिला ते आधीच ठाऊक असण्याची शक्यता आहे.