'इस्कूल'मधला अलिफ

उर्दू माध्यमाचा विद्यार्थी 'स्कूल'ला 'इस्कूल' आणि 'स्टेशन'ला 'इस्टेशन' म्हणाला की ऐकणारे हसतात. शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गातही आम्ही हे हसणे ऐकले आहे. मुलाखतीत तर या एवढ्याशा 'इ'वरून उमेदवाराची लायकी ठरते. तो 'इ' आला कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही.

पहिल्यांदा तो लिपीत दिसतो. उर्दूत हे शब्द अलिफ लावूनच लिहितात. पाठ्यपुस्तकात आणि शाळेच्या पाटीवरही. मूल वाचते तसे बोलते. पण लिपीच्याही मागे अरबीचा एक जुना नियम आहे. शब्दाच्या आरंभी दोन व्यंजने मध्ये स्वर असल्याशिवाय येत नाहीत. म्हणून ग्रीकांचा 'प्लातोन' अरबीत 'अफलातून' झाला. (मराठी माणूस एखाद्या गोष्टीला 'अफलातून' म्हणून दाद देतो तेव्हा प्लेटोचेच नाव घेत असतो!) लॅटिनमधला तबेला म्हणजे 'स्ताबुलुम'. तो अरबीत 'इस्तबल' आणि उर्दूत 'अस्तबल' झाला. जुन्या फ्रेंचमध्येही त्याच्या पुढे 'ए' लागला होता. इंग्रजीच्या 'स्टेबल'मध्ये तो उरला नाही. आज आमच्या विद्यार्थ्याने 'इस्टेबल' म्हटले, तर तेवढे मात्र अडाणीपण!

लॅटिनच्या लेकींनीही हेच केले. 'स्कोला'चे स्पॅनिशमध्ये 'एस्क्वेला' झाले, पोर्तुगीजमध्ये 'एस्कोला'. फ्रेंचांनी पुढे 'स'ही गाळून 'एकोल' केले. पोर्तुगीजांबरोबर हा शब्द गोव्यात उतरला आणि कोकणीत 'इस्कोल' झाला. त्याला कुणी हसल्याचे ऐकिवात नाही.

बाकीच्या बोलींनी आपापली वाट काढली. पंजाबी माणूस स्वर मध्ये घालून 'सकूल', 'सटेशन' म्हणतो. आपल्या खेड्यातली आजी 'स'च सोडून 'टेसन' म्हणते.

आणि खुद्द इंग्रज? त्याने 'सिपाही'चा 'सिपॉय' आणि 'नवाब'चा 'नेबॉब' केला. मोहरमच्या मिरवणुकीत 'या हसन! या हुसैन!' हा आक्रोश गोऱ्या सैनिकांच्या कानी पडला, आणि त्यांच्या तोंडी तो 'हॉब्सन-जॉब्सन' झाला. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अँग्लो-इंडियन शब्दकोशाला हेच नाव दिले. आमच्या मातमचा शब्द असा बिघडला आणि विद्वत्तेच्या ग्रंथाचे शीर्षक बनला. उच्चार कुणाचा बिघडतो यापेक्षा सत्ता कुणाची, यावर हसणे ठरते, असे आम्हाला वाटते.

तरीही मुलांना मुलाखतीला जायचेच आहे. म्हणून वर्गात आम्ही आधी नुसता 'स्स्स्' लांबवायला लावतो, सापाच्या फुत्कारासारखा, आणि मग त्याला 'कूल' जोडायला सांगतो. चार-आठ दिवसांत जमते. उर्दूच्या वहीत मात्र अलिफ जागेवरच राहतो. तिथे तो गाळला तर आम्ही गुण कापतो.