पडद्याची सूज दिसू लागली तेव्हा

ऑपरेशन निर्वेध पार पडायचं, जखम भरायची, जाड भिंगांच्या चष्म्यातून रुग्णाला छान दिसू लागायचं; आणि काही आठवड्यांनी तीच नजर पुन्हा धूसर व्हायची. मोतीबिंदू काढल्यानंतरच्या या तक्रारीची नीट मांडणी अमेरिकेतले डॉ. एस. रॉडमन अर्विन यांनी १९५३ साली केली. त्या काळी डोळ्यातलं भिंग आवरणासकट काढत. त्यामुळे मागचा जेलीसारखा गर पुढं येऊन कधी जखमेला चिकटे. पडद्याच्या मध्यभागी, मॅक्युलात होणारा बिघाड अर्विन यांनी टिपला आणि त्याचा संबंध या गराशी जोडला.

उलगडा पुढं सरकला तो इंडियानापोलिसमधल्या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांमुळे. हॅरॉल्ड नोवॉटनी आणि डेव्हिड आल्विस यांनी १९५९च्या सुमारास फ्लुओरेसीन हा चमकणारा रंग आल्विसच्याच शिरेत टोचून त्याच्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढले. नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकानं त्यांचा लेख नाकारला. १९६१मध्ये तो छापला ‘सर्क्युलेशन’ या हृदयविकारविषयक नियतकालिकानं.

हेच तंत्र वापरून मायामीच्या बास्कम पामर संस्थेतल्या डोनाल्ड गॅस आणि एडवर्ड नॉर्टन यांनी १९६६मध्ये गळती उघड केली. मॅक्युलाभोवतीच्या केशवाहिन्यांतून रंग झिरपत होता आणि पाकळ्यांच्या आकारात साचत होता; हीच ती पडद्याची सूज. गर जागच्या जागी असलेल्या डोळ्यांतही हे घडत होतं. विकाराला ‘अर्विन–गॅस’ हे नाव मिळालं. नॉर्टन त्यातून गळले, हे खटकतं.

पण वाहिन्या गळतात का?

१९७१मध्ये जॉन वेन यांनी अ‍ॅस्पिरिन दाह घडवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती रोखतं हे दाखवलं आणि दाहावरच्या उपचारांना नवी दिशा मिळाली. शस्त्रक्रियेच्या इजेनंही डोळ्यात हीच द्रव्यं सुटतात. जपानच्या केन्साकू मियाके यांनी १९७७मध्ये याच द्रव्यांना रोखणाऱ्या इंडोमेथासिनचे थेंब ही सूज टाळू शकतात, असं मांडलं. इलाजाचं श्रेय ठरवणं मात्र अवघड होतं, कारण बरीचशी सूज काही महिन्यांत आपोआप ओसरते. म्हणूनच तुलनात्मक चाचण्यांना फार मोल आहे.

१९९१मध्ये ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) हे प्रकाशानं पडद्याची प्रतिमा घेणारं तंत्र आलं. सुई न टोचता पडद्याचा छेद दिसू लागला, जाडी मायक्रॉनमध्ये मोजता येऊ लागली. ‘प्रीमेड’ या युरोपीय चाचणीच्या २०१८च्या अहवालानुसार, मधुमेह नसलेल्यांत ब्रोमफेनॅक आणि डेक्सामेथासोन या दाहशामक औषधांचे थेंब एकत्र दिल्यास सूज येण्याचं प्रमाण एकेका औषधापेक्षा कमी राहिलं. मधुमेहींना धोका अधिक. त्यांच्यात या थेंबांच्या जोडीला स्टेरॉइडचं इंजेक्शन उपयोगी पडलं, पण त्यानं डोळ्यातला दाब वाढला.