पाठलागाचे साधन: मलबार हिल ते गागोदे

मराठी समीक्षेने रहस्यकथेची दखल घेतली ती बहुधा 'रंजनपर वाङ्मय' या एकाच सदरात. रंजन म्हटले की गुणवत्तेचा प्रश्न संपतो आणि इतिहासाचा प्रश्न उद्भवतच नाही, असा काहीसा संकेत त्यामागे असावा. वस्तुतः श्रीमंत घर, त्या घरावरील पाळत आणि पाळतीचे साधन या तीन घटकांची मांडणी रहस्यकथेत काळानुसार बदलत गेली आहे. साधन कोणाच्या हाती आहे आणि अखेरीस साक्ष कोणाची ग्राह्य धरली जाते, या दोन प्रश्नांच्या आधारे तो बदल पाहण्याचा प्रयत्न येथे केला आहे. त्यासाठी कथांबरोबरच दोन खटल्यांचाही विचार करावा लागेल. कारण खटला हीदेखील एक कथनसंहिताच असते.

आरंभीच्या टप्प्याचे प्रतिनिधी म्हणून गो. ना. दातार यांच्याकडे पाहता येईल. रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांचा आधार घेऊन त्यांनी रचलेल्या 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा' यांसारख्या कादंबऱ्यांची नावेच बोलकी आहेत. या प्रकारच्या कथाविश्वात गुप्ततेचा आधार वास्तू असते. भुयार, तळघर, चोरवाट आणि वेषांतर ही पाठलागाची साधने. पाळत ठेवणाऱ्याला स्वतःच्या देहानिशी घरात शिरावे लागते आणि म्हणूनच तो पकडला जाण्याची शक्यता कथेत कायम राहते.

यंत्राने हे गणित बदलले. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या धनाढ्य व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याचा खून करण्यात आला. हल्लेखोरांना हवी होती ती त्याच्या सोबत असलेली, इंदूर दरबारातून निसटलेली मुमताज. गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी वाट चुकून तेथे पोहोचले, म्हणून ती वाचली. खटल्यात तिघांना फाशीची शिक्षा झाली आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. त्याआधीच, १९२५ मध्ये, कोहिनूर कंपनीचा 'कुलीन कांता' हा मूकपट याच विषयावर येऊन गेला होता. घटनेचे कथेत रूपांतर होण्यास वर्षही लागले नाही.

या प्रकरणात मोटार दोन्ही बाजूंना आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जे वाहन धनिकाच्या प्रतिष्ठेचे आणि स्वैर संचाराचे चिन्ह होते, त्याच्यामुळेच तो रस्त्यावर ओळखता येतो, गाठता येतो. मात्र पाठलाग करणाऱ्यालाही अजून शेवटच्या क्षणी मोटारीतून खाली उतरावेच लागते. यंत्र अंतर कापते. देहाची जागा घेत नाही. म्हणून साक्षीदार शक्य होतो, चेहरे ओळखले जातात आणि संस्थानाधिपतीपर्यंत माग काढता येतो.

बाबुराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांची हजाराहून अधिक पुस्तकांची रहस्यसृष्टी या मधल्या अवस्थेत उभी राहिली. मोटार, टेलिफोन आणि पिस्तूल या जगात सहज वावरतात. पण झुंजार किंवा काळापहाड यांच्या हाती आल्यावर ती नायकाच्या चातुर्याची उपकरणे बनतात. यंत्राला स्वतःचा आवाज नाही. ते ज्याच्या हाती असते त्याच्या हेतूचे वाहन असते आणि हेतू शेवटी उघड होतो. ज्या वाचकाच्या घरी टेलिफोन नव्हता, त्याला हे जग वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात पाहायला मिळे. श्रीमंतांच्या दिवाणखान्यावर वाचक या कथांतून एका अर्थाने पाळतच ठेवत होता. या वाङ्मयाच्या लोकप्रियतेचे एक कारण येथे शोधता येईल.

त्स्वेतान तोदोरोव्हने १९६६ मधील आपल्या विवेचनात गुप्तहेरकथेत दोन कथा असतात असे दाखवले: घडून गेलेल्या गुन्ह्याची आणि वर्तमानात चालणाऱ्या शोधाची. पहिली अनुपस्थित असते, दुसरी तिला उपस्थित करते. वरील सर्व उदाहरणे या आकृतिबंधात बसतात. तो अपुरा पडतो असे एक प्रकरण रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात घडले.

मे २०१२ मध्ये गागोदे खुर्द परिसरातील रानात जळालेले मानवी अवशेष आढळले. गावपातळीवरून पोलिसांना खबर गेली, नमुने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाकडे पाठवले गेले. पण खुनाचा गुन्हा काही नोंदला गेला नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत एका मोटारचालकाला अटक झाली आणि त्याच्या जबानीवरून हे अवशेष शीना बोरा या तरुणीचे असल्याचे पुढे आले. दूरचित्रवाणी उद्योगातील एका प्रतिष्ठित कुटुंबाशी तिचे नाते होते. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि २०१७ मध्ये आरोपनिश्चिती झाली. आरोपींनी आरोप नाकारले आहेत. खरेखोटे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा; येथे विचार करायचा आहे तो अभियोगपक्षाने मांडलेल्या कथनाच्या रचनेचा.

या कथनानुसार तरुणीचा मृत्यू एप्रिल २०१२ मध्ये झाला. पण तिचे 'बोलणे' थांबले नाही. तिच्या भ्रमणध्वनीवरून संदेश जात राहिले, तिच्या नावाच्या खात्यावरून ई-मेल गेले, नोकरीचा राजीनामा पोहोचला. ती अमेरिकेला गेली आहे, असे विचारणाऱ्यांना सांगण्यात आले. गुन्हा आणि शोध यांच्या मध्ये येथे एक तिसरी कथा उभी राहते. ती भूतकाळाची पुनर्रचना करत नाही. वर्तमानात, हप्त्याहप्त्याने, मृत व्यक्तीच्या प्रथमपुरुषी निवेदनात लिहिली जाते. लेखकाच्या मृत्यूची चर्चा आपल्या वर्गांतून बरीच झाली. येथे लेखिकेचा शब्दशः मृत्यू झाल्यावरही संहिता तिच्या नावाने चालू राहते, आणि तिच्या जिवंतपणाचा पुरावा म्हणून ती संहिताच पुढे केली जाते.

ही तिसरी कथा विश्वसनीय का वाटली, हा वर्गीय प्रश्न आहे. तरुण मुलगी अचानक दिसेनाशी झाली आणि 'परदेशी शिकायला गेली' एवढ्या उत्तराने बहुतेकांचे समाधान झाले, हे विशिष्ट आर्थिक स्तरातच संभवते. पेणच्या वाडीवरची मुलगी दिसेनाशी झाली असती तर असे तयार उत्तर कोणाजवळ नसते. यंत्राने खोटे पोहोचवले. त्याला पत निर्माण करून दिली ती संपत्तीने.

त्याच कुटुंबात उलट दिशेनेही यंत्र चालू होते. तिचा शोध घेणाऱ्या निकटवर्तीयाने घरच्यांशी झालेली दूरध्वनी संभाषणे ध्वनिमुद्रित केली होती. पुढे ती न्यायालयात ऐकवली गेली. आता पाळत ठेवणारा बाहेरून भुयारातून येत नाही वा मोटारीने रस्ता अडवत नाही. तो जेवणाच्या टेबलाशी बसलेला असू शकतो आणि साधन प्रत्येकाच्या खिशात आहे.

या दोन स्थळांची रचना परस्परविरोधी आहे. मुंबईत देहाविना नाव वावरत होते. गागोद्यात नावाविना देह पडून होता. हा परिसर मराठी वाङ्मयाला अनोळखी नाही. गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. याच तालुक्यातील वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीत पाहिले-ऐकलेले 'माझा प्रवास'मध्ये लिहून ठेवले, ते चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. गोडसे भटजींच्या साक्षीचे मोल ते स्वतः तेथे होते यात आहे. गागोद्याच्या रानातही साक्ष होती, तोंडी खबर होती. पण तिला दफ्तरात कथेचे रूप मिळाले नाही आणि मुंबईतील लेखी, यांत्रिक, खोटी म्हटली गेलेली संहिता तीन वर्षे टिकली. २०२४ मध्ये हेच अवशेष सापडत नसल्याचे अभियोगपक्षाने न्यायालयाला सांगितले. नंतर ते तपासयंत्रणेच्याच दिल्लीतील कार्यालयात मिळाले. नाव मिळाल्यावरही देहाची परवड संपली नाही.

तीन वर्षांची ही संहिता भेदली कोणी? यंत्राने नव्हे, तर चालकाने. धनिकाच्या घरात सतत उपस्थित असूनही ज्याच्याकडे कोणी पाहत नाही, त्या नोकराच्या जबानीने. ध्वनिमुद्रणे, संदेश, जनुकीय चाचणी ही सारी त्यानंतर अर्थपूर्ण झाली. नोंदी साठलेल्या असतात. पण त्यांना प्रश्न विचारण्यासाठी कोणीतरी तोंड उघडावे लागते, आणि ते ऐकणारेही कोणी असावे लागते. २०१२ मध्ये गावाने तोंड उघडले होते, ऐकणारे नव्हते.

भुयारापासून भ्रमणध्वनीपर्यंतच्या या प्रवासाचा अर्थ केवळ साधने सुधारली एवढाच घेतला, तर रहस्यकथा पुन्हा रंजनाच्या सदरात जाऊन पडेल. साक्षीची पत कशी ठरते, हा तिचा खरा विषय आहे. मराठी कथासाहित्याने यापुढे या विषयाला हात घातला, तर त्याला मलबार हिलच्या दिवाणखान्याइतकेच गागोद्याच्या रानातही थांबावे लागेल. तेथे पाळतीचे कोणतेही यंत्र नव्हते. होता तो एक अनाम देह आणि त्याची खबर देणारी माणसे.